कोथरूडचा शनिवारचा मराठी वाचनवर्ग : कोणाला उपयोगी, कुठे अपुरा

कोथरूडमध्ये कर्वे पुतळ्यापासून थोड्या आतल्या गल्लीत, एका सोसायटीच्या तळमजल्यावरील सदनिकेत साडेपाच ते आठ वर्षे वयाच्या मुलांसाठी दर शनिवारी सकाळी मराठी वाचनाचा वर्ग भरतो. माझ्या मुलीने या वर्गाचे एक सत्र पूर्ण केले असून सध्या तिचे दुसरे सत्र चालू आहे. वर्ग एकट्या शिक्षिका चालवतात आणि जागा मोजक्याच असतात, त्यामुळे नाव प्रसिद्ध करू नये अशी विनंती त्यांनीच केली आहे. मुले त्यांना ताई म्हणतात. या परीक्षणातही तोच उल्लेख ठेवतो. त्या भागात राहणाऱ्या पालकांना चौकशी करून वर्ग सापडणे अवघड नाही.

महाराष्ट्रातील सर्व माध्यमांच्या व सर्व मंडळांच्या शाळांत मराठी शिकवणे २०२० च्या कायद्याने सक्तीचे झाले आणि २०२०-२१ पासून पहिली व सहावी या इयत्तांपासून त्याची टप्प्याटप्प्याने अंमलबजावणी सुरू झाली. सक्ती आली की शिकवण्याही येतात. त्यांपैकी बऱ्याच शिकवण्यांत शाळेच्या स्वाध्यायपुस्तिका भरून घेणे आणि चाचणीपुरती उत्तरे पाठ करून घेणे एवढेच चालते, त्यामुळे फळ्यावरचे वाक्य वहीत सुरेख उतरवणारे मूल तेच वाक्य दुसऱ्या पुस्तकात दिसले की गप्प बसते. या वर्गात शाळेचा अभ्यास घेतला जात नाही. मुलाला मराठी वाचता यावे एवढ्यासाठीच तो आहे आणि त्याच अपेक्षेने त्याच्याकडे पाहायला हवे.

वर्णमाला क्रमाने शिकवली जाणार नाही, हे पालकांना आरंभीच सांगितले जाते. सुरुवात न, क, म, स, र, ब, ल अशा मोजक्या आणि पुष्कळ शब्दांत येणाऱ्या अक्षरांनी होते व त्यांच्या जोडीला लगेच काना येतो. मराठीत नुसत्या मुळाक्षरांवर भागणारे शब्द थोडेच असतात, त्यामुळे सगळी मुळाक्षरे संपल्याशिवाय काना-वेलांटीला हात लावायचा नाही असे ठरवले, तर मूल कित्येक महिने ‘अमर, गवत बघ’ अशा, घरात कोणीही कधी न उच्चारणाऱ्या वाक्यांवर अडकून राहते. एका शनिवारी पालकांना मागे बसू दिले होते, तेव्हा या क्रमाचा फायदा समोरच दिसला. ताईंनी दोघादोघांना न आणि क अशी दोन कार्डे आणि कान्याची एक अरुंद पट्टी दिली. मुलांनी ‘नाक’ लावले. मग काना जागचा न हलवता दोन अक्षरांची अदलाबदल करायला सांगितले, तेव्हा ‘कान’ झाला आणि वर्गात हशा पिकला. पुढे काना शेवटी सरकवायचा होता. एका मुलीने ‘नका’ लावून स्वतःशीच वाचले आणि हा शब्द चालतो की नाही या शंकेने मान वर केली, तोच शेजारच्या मुलाने ‘भांडू नका मधला नका!’ असे ओरडून सांगितले. तिसऱ्या जोडीचे ‘कना’ झाले होते. ते चूक आहे असे ताईंनी म्हटले नाही. असा शब्द तुम्ही कुठे ऐकला आहे का, एवढेच विचारले. त्या दोघांनी जरा विचार केला आणि पट्टी आपणहून मागे घेतली.

घरच्या आजी-आजोबांना ही पद्धत सहसा पटत नाही. ‘क ला काना का, क ला पहिली वेलांटी कि’ अशी बाराखडी तालावर म्हणणारी पिढी वाचायला शिकलीच ना, हा त्यांचा प्रश्न असतो आणि तो रास्तही आहे. बाराखडीच्या पाठांतराने काही बिघडत नाही, परंतु त्या तालाची सवय झालेले मूल पुस्तक हाती घेतल्यावरही ‘म ला काना मा, म ला काना मा’ असे मनात घोळवत राहते आणि ‘मामा’पर्यंत पोहोचेस्तोवर वाक्याचा धागा सुटलेला असतो. बाराखडी वर्गातही येते, पण उशिरा, आणि मुलांना आधीच ठाऊक असलेल्या अक्षरांची मांडणी म्हणून येते. तो क्रम मला योग्य वाटतो.

अंकलिपीतील चित्रांविषयी मात्र माझे मत आजोबांच्या अगदी विरुद्ध आहे. ऐरण, एडका, औत आणि उखळ या चार वस्तू कोथरूडच्या तिसऱ्या मजल्यावर वाढलेल्या मुलाने पाहिलेल्या नसतात. एडक्याच्या चित्रावर बोट ठेवून ते खुशाल ‘शीप’ म्हणते आणि ‘ए’चा संबंध तिथेच तुटतो. उलट बॅट, बॅग, बॉल हे शब्द त्याच्या तोंडी दिवसभर असतात. शासनाने २००९ मध्ये मराठी वर्णमालेविषयी काढलेल्या निर्णयात ॲ आणि ऑ यांना वर्णमालेत स्थान दिले. तरी जुन्या साच्यातल्या कित्येक अंकलिप्यांत ते अजून दिसत नाहीत. ताईंच्या कार्डांत ‘बॅट’ दुसऱ्या महिन्यातच येते.

वर्गातला मला सर्वांत आवडलेला भाग म्हणजे मुलांनी सांगितलेली वाक्ये. प्रत्येक शनिवारी एकाची पाळी असते. त्याने घरची किंवा रस्त्यावरची एखादी गोष्ट सांगायची आणि ताईंनी ती मोठ्या कागदावर, त्याच्याच शब्दांत, सगळ्यांसमोर लिहायची. ‘काल आमच्या लिफ्टमध्ये मांजर अडकलं होतं’ हे वाक्य मी पाहिले. त्यात जोडाक्षरे आहेत आणि वेलांटीही आहे, म्हणजे शिकवण्याच्या क्रमात न बसणारे बरेच काही आहे, परंतु वाक्य आपलेच असल्यामुळे मुले ते आधी बोट फिरवत सलग म्हणतात आणि मग त्यातली ओळखीची अक्षरे हुडकतात. ‘अडकलं’ आणि ‘अडकले’ यांपैकी काय लिहायचे यावर एका पालकांनी हरकत घेतली होती. ताईंनी बोलण्यातले रूप अनुस्वारासह तसेच ठेवले, आणि माझ्या मते ते बरोबरच होते, कारण कागदावरचे वाक्य आपल्या तोंडच्या वाक्याशी जुळते हेच त्या वयात मुलाला कळायला हवे असते. शुद्धलेखनाचा एकच नियम या वर्गात सांगितला जातो : शब्दाच्या शेवटी वेलांटी आली तर ती दुसरी. पाटी, वही, काठी. साडेपाच वर्षांच्या मुलाला तेवढा पुरे.

खोलीच्या एका भिंतीला पुस्तकांची उघडी मांडणी आहे आणि सुटताना प्रत्येकाला एक पुस्तक घरी नेता येते. ज्योत्स्ना प्रकाशन, नॅशनल बुक ट्रस्ट आणि प्रथम बुक्स यांची चित्रपुस्तके तिथे आहेत. प्रथम बुक्सच्या पुस्तकांवर वाचनपातळी छापलेली असल्याने पालकांना निवड सोपी जाते. त्याच संस्थेच्या, २०१५ पासून चालू असलेल्या स्टोरीविव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी विनामूल्य वाचता येतात आणि छापूनही घेता येतात, हे मला या वर्गामुळे कळले.

आता मुख्य आक्षेपाकडे येतो. आपली लिपी उच्चाराप्रमाणे चालते असे आपण अभिमानाने सांगतो, पण ती बरेच काही वाचणाऱ्याच्या कानावर सोडून देते. ‘घर’ या शब्दातला र अर्धवट उच्चारायचा, हे कुठेही लिहिलेले नसते. ‘चार’ मधला च आणि ‘चारा’ मधला च निराळे, ‘जग बदलले’ मधला ज आणि ‘शंभर वर्षे जग’ मधला ज निराळा, आणि तरीही अक्षर एकच. ज्या मुलाच्या कानावर घरी सतत मराठी पडते ते हे सगळे नकळत भरून काढते. घ-र असे तुटक वाचले तरी पुढच्याच क्षणी ते ‘घर’ म्हणते, कारण शब्द त्याच्या ओळखीचा असतो. ‘कना’वरची पट्टी ज्या आधारावर मागे घेतली गेली, तो आधार हाच. ज्या घरात मराठी बोलली जात नाही तिथल्या मुलाजवळ तो नसतो.

वर्गात हिंदी बोलणाऱ्या घरांतली मुले आहेत. त्यांना देवनागरी ठाऊक असल्यामुळे ती अक्षरे झपाट्याने उचलतात, पाहता पाहता माझ्या मुलीपेक्षा वेगाने वाचू लागतात आणि पालक खूश होतात. परंतु वाचलेल्या वाक्यात मांजर कुठे अडकले होते असे विचारले की उत्तर येत नाही. गॉफ आणि टन्मर या दोन अभ्यासकांनी १९८६ मध्ये वाचनाचे साधे सूत्र मांडले होते : अक्षरे उलगडण्याची क्षमता आणि भाषा समजण्याची क्षमता यांचा गुणाकार म्हणजे आकलन. गुणाकारात एक बाजू शून्याजवळ असेल तर दुसरी कितीही वाढवली तरी हाती फारसे लागत नाही. हा वर्ग पहिली बाजू उत्तम वाढवतो आणि दुसरी घरून तयार होऊन येते असे गृहीत धरतो. तोंडी मराठीसाठी, म्हणजे गप्पा, गाणी, गोष्ट ऐकणे यांसाठी, वेळापत्रकात जेमतेम पंधरा मिनिटे आहेत आणि उशीर झाला की कात्री त्यांनाच लागते.

हे केवळ अमराठी घरांपुरते आहे असेही समजू नये. ‘मम्मा, मला तो रेडवाला बॉल दे’ या वळणाची मराठी आज कित्येक मराठी घरांतही चालते आणि त्या मुलांची अडचण थोडी सौम्य असली तरी जातीने तीच आहे. अशा पालकांनी या वर्गात नाव घालण्यापूर्वी सहा महिने रोज रात्री मराठीत गोष्ट वाचून दाखवावी, असा माझा स्पष्ट सल्ला राहील. त्यासाठी शुल्क पडत नाही. तेवढे झाल्यावर मूल वर्गात आले, तर शुल्काचे चीज होईल.

बाकीच्या तक्रारी किरकोळ, तरी नोंदवायला हव्यात. जोडाक्षरे सत्राच्या अखेरीस घाईत उरकली जातात. सूर्य, चक्र, ट्रक आणि दऱ्या या शब्दांतला र चार तऱ्हांनी लिहिला जातो आणि तो एकाच शनिवारी शिकवून संपवला, हे मला अजिबात पटले नाही. माझी मुलगी अजून ‘चक्र’ पाहून थबकते. लेखनाकडे जवळपास दुर्लक्ष आहे. गिरवणे, ओळीत लिहिणे, अक्षराचे वळण हे सगळे घरी करून घ्यावे लागते. छापील सरावपत्रांच्या टंकात ल आणि श यांची हिंदी वळणे आहेत आणि ताई फळ्यावर मराठी वळणाची लिहितात, त्यामुळे सुरुवातीला मुले गोंधळतात. हे टंक बदलून तासाभरात दुरुस्त होण्यासारखे आहे. साडेपाच वर्षांचे आणि आठ वर्षांचे मूल एकाच तुकडीत असल्याने मोठी मुले उत्तर आधीच सांगून टाकतात. तीन महिन्यांच्या सत्राचे शुल्क ४,५०० रुपये आहे, जे कोथरूडच्या मानाने वाजवी म्हणता येईल. गल्लीत चारचाकी लावायला जागा नाही.

नाव नोंदवण्यापूर्वी मुलाला एक शनिवार बसवून पाहता येते आणि पालकांना सोबत थांबू दिले जाते. तेव्हा आपले मूल अक्षरे किती ओळखते यापेक्षा ताईंच्या गप्पांना ते मराठीत उत्तर देते का, याकडे लक्ष ठेवावे. देत असेल तर नाव घालायला हरकत नाही. जोडाक्षरांसाठी वेगळे सत्र ठेवावे अशी मागणी आम्ही काही पालकांनी केली असून मे महिन्याच्या सुट्टीत सलग दहा सकाळी ते घेण्याचा ताईंचा विचार आहे. ते ठरले तर माझ्या मुलीचे नाव त्यात असेल, आणि सरावपत्रे त्याआधी नव्या टंकात छापून द्यायची तयारी मी त्यांना कळवली आहे.