सोलर पंपाच्या नावाखाली माझे १८ हजार गेले, पावतीचा फोटो ग्रुपवर टाकू नका

मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत फॉर्म भरला होता, साडेतीन एकर आहे म्हणून ५ एचपीचा. भरला त्या दिवशी लई खूश, अर्जाच्या पावतीचा फोटो काढून दोन-तीन व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला, अजून कोणी भरला का म्हणून. गाढवपणा तिथंच झाला.

आठ-दहा दिवसांनी फोन आला. माणूस एकदम गोड बोलणारा, माझं पूर्ण नाव, अर्ज नंबर, गाव, किती एचपी, सगळं मी न विचारता तोच सांगतोय, मला वाटलं ऑफिसचाच असणार, एवढं दुसऱ्या कोणाला माहीत असणार. म्हणे दादा तालुक्याचा कोटा संपत आलाय, आज सर्व्हे फी भरली तर पंप पुढच्या आठवड्यात, नाहीतर पुढच्या वर्षी बघू. लगेच पत्र पण पाठवलं, वर अशोकस्तंभ, खाली गोल शिक्का. ५,६०० भरले. दुसऱ्या दिवशी इन्शुरन्सचं डिपॉझिट, परत मिळणारं म्हणे, १२,४००. घरातून सांगत होते की आधी लाइनमनला तरी विचारा, पण मला घाई. क्यूआर स्कॅन केल्यावर कुणा बाईचं नाव आलं ते पण बघितलं बरं का, विचारलं तर म्हणाला आमच्या अकाउंटंट मॅडम आहेत. आणि मी मान डोलावली.

तिसऱ्यांदा गाडीभाड्याचे ९ हजार मागितले तेव्हा कुठं शंका आली, मग महावितरणच्या ऑफिसला गेलो. तिथल्या मॅडमनी पोर्टलवर बघितलं तर अर्ज अजून छाननीतच. त्यांनी सांगितलं की आपण भरायचा तो फक्त लाभार्थी हिस्सा, जनरलला पंपाच्या किमतीच्या १० टक्के, एससी एसटीला ५ टक्के, बाकी सगळं केंद्र आणि राज्याचं अनुदान, ५ वर्षांची दुरुस्ती आणि इन्शुरन्स त्यातच येतं, वेगळे पैसे कसले. हिस्सा पोर्टलवरच भरायचा, आणि पंपाची कंपनी पण आपणच तिथं निवडायची. हे मी फॉर्म भरतानाच नीट वाचलं असतं तर...

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावला तो चौथ्या दिवशी. ते म्हणाले पैसे गेल्या गेल्या लावला असता तर समोरच्या खात्यात होल्ड तरी करता आले असते, आता पुढं कुठं कुठं फिरलेत. व्यवहाराचा यूटीआर नंबर (पेमेंटचा ओळख नंबर), चॅटचे आणि त्या पत्राचे स्क्रीनशॉट मागितले. नशीब मी चिडून चॅट डिलीट केलं नव्हतं, पोरगा करायला निघालेला. तक्रार नंबर मिळालाय, पैशाचं अजून काही नाही.

काल ग्रुपवर एकाने परत तसाच फोटो टाकला, नाव, मोबाईल नंबर, सगळं दिसतंय. फोन करून काढ म्हटलं तर म्हणतो, काका एवढ्यानं काय होतंय.