अमेरिकेत नर्सिंग कॉलेज निवडताना: कडक ग्रेडिंग की नेहमीचं?

आपल्याकडे ७५ टक्क्यांना विशेष प्रावीण्य म्हणतात. त्यामुळे अमेरिकेत नर्सिंग शिकणारी मुलगी ७६ गुण मिळवून नापास झाली, हे मराठी आईवडिलांना पटकन पचत नाही. पण तिथल्या बऱ्याच नर्सिंग कॉलेजांत असंच असतं. ९३ च्या पुढे 'ए', ८५ च्या पुढे 'बी', ७७ च्या पुढे 'सी' आणि त्याखाली थेट नापास. ७६.९ चे ७७ करून मिळत नाहीत. नेहमीच्या ग्रेडिंगच्या कॉलेजांत ९०, ८० आणि ७० अशा पायऱ्या असतात. त्यातही काही ठिकाणी नर्सिंगच्या विषयांना ७५ ची अट असतेच. दोन्हीकडे प्रवेश मिळाला असेल, तर जीपीएच्या, म्हणजे सगळ्या ग्रेडच्या सरासरीच्या, धास्तीने घाईत ठरवू नका.

तरी धास्ती खोटी नाही. समजा, सारख्याच क्रेडिटच्या (म्हणजे सारख्याच वजनाच्या) चार विषयांत ९१, ८८, ८४ आणि ७९ गुण पडले. नेहमीच्या ग्रेडिंगमध्ये हे ए, बी, बी, सी होतात, म्हणजे ए चे ४, बी चे ३, सी चे २ धरून जीपीए ३.०. कडक ग्रेडिंगमध्ये तेच गुण बी, बी, सी, सी होऊन जीपीए २.५ वर येतो. मेडिकल-सर्जिकलसारख्या जास्त क्रेडिटच्या विषयात 'सी' पडला तर आणखी खाली. अर्थात दोन्ही कॉलेजांच्या पेपरांची काठिण्यपातळी सारखी नसते. एका ठिकाणचे ८४ दुसरीकडे ८९ असू शकतात, त्यामुळे नुसत्या पायऱ्या समोरासमोर ठेवून निकाल लावता येत नाही.

माझ्या मते खरा धोका आहे तो सरासरीच्या नियमात, आणि पालक तो बघतच नाहीत. अनेक कॉलेजांत लेखी परीक्षांची सरासरी आधी ७७ च्या वर जावी लागते, मगच असाइनमेंटचे गुण धरतात. उदाहरण घ्या. परीक्षांना ८० टक्के वजन आहे आणि त्यांची सरासरी ७५.८ आली. उरलेल्या २० टक्क्यांत ९८ मिळाले. सगळं मिळून ८०.२ होतात. नेहमीच्या ग्रेडिंगमध्ये, हा नियम नसेल तर, तो सरळ 'बी' आहे. कडक कॉलेजात तीच विद्यार्थिनी नापास. शिवाय औषधांच्या मात्रेच्या गणिताची वेगळी चाचणी असते, तिथे ९० टक्के लागतात, काही ठिकाणी तर १००. क्लिनिकलला, म्हणजे रुग्णालयातल्या प्रत्यक्ष कामाला, बहुतेक ठिकाणी पास किंवा नापास एवढंच असतं.

नापास झाल्यावर काय होतं, हेही आधीच विचारा. दोन विषयांत नापास झालं की अभ्यासक्रमातून बाहेर, हा नियम बराच रूढ आहे. लहान कॉलेजात तो विषय वर्षातून एकदाच शिकवत असतील, तर एका नापासाने अख्खं वर्ष जातं, फी पुन्हा भरावी लागते आणि आर्थिक मदतीवरही गंडांतर येऊ शकतं.

मग कॉलेजं एवढी कडक का? नोंदणीसाठीची एनक्लेक्स परीक्षा पहिल्याच प्रयत्नात किती जण उत्तीर्ण होतात, यावर राज्याच्या नर्सिंग बोर्डाचं लक्ष असतं. कॅलिफोर्नियात कॉलेजाचे किमान ७५ टक्के विद्यार्थी उत्तीर्ण व्हावे लागतात, टेक्सासमध्ये ८०. कडक गाळणी लावली की कच्चे विद्यार्थी परीक्षेपर्यंत पोचतच नाहीत. म्हणून एखादं कॉलेज ९८ टक्के निकाल दाखवत असेल, तर प्रवेश घेतलेल्यांपैकी किती जण वेळेत शिक्षण पूर्ण करून बाहेर पडले, तो आकडाही मागा. दोन्ही आकडे चांगले असतील, तर ते ग्रेडिंग कितीही कडक असो, तिथे शिकवतात चांगलं.

आता मुलीला पुढे काय करायचंय ते बघू. तिला रुग्णालयात आरएन (नोंदणीकृत परिचारिका) म्हणून काम करायचं असेल, तर एनक्लेक्समध्ये गुणच नसतात, फक्त पास किंवा नापास. परवान्यावर जीपीए छापत नाहीत. काही मोठी रुग्णालयं नव्या परिचारिकांच्या रेसिडेन्सीसाठी, म्हणजे सुरुवातीच्या प्रशिक्षणासाठी, ३.० मागतात, बाकीच्या बऱ्याच नोकऱ्यांत परवाना आणि अनुभव चालतो. अशा मुलीला घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात स्वस्तात दोन वर्षांचा असोसिएट डिग्रीचा प्रवेश मिळाला असेल, तर ग्रेडिंग कडक आहे म्हणून तो सोडू नका.

नर्स अनेस्थेटिस्ट, म्हणजे भूल देणारी परिचारिका, व्हायचं असेल तर हिशेब बदलतो. तो आता डॉक्टरेट पातळीचा अभ्यासक्रम आहे. अतिदक्षता विभागातला किमान एक वर्षाचा अनुभव लागतो, आणि ३.० जीपीए ही तर बहुतेक ठिकाणी नुसती अर्ज करायची अट असते, प्रत्यक्ष निवड त्याच्या बरीच वर होते. अशा मुलीने, एनक्लेक्सचे निकाल तोडीस तोड असतील तर, नेहमीच्या ग्रेडिंगचं कॉलेज घ्यावं. इथे मला जराही शंका वाटत नाही.

आणि कडक कॉलेजात आधीच शिकत असाल, २.७ वर अडकला असाल, तरी दार बंद झालेलं नाही. असोसिएट डिग्रीनंतर नोकरी करता करता आरएन-टू-बीएसएन, म्हणजे आरएनसाठीचा नर्सिंगचा पदवी अभ्यासक्रम, करता येतो, आणि त्यात चांगल्या ग्रेड मिळवता येतात. पुढच्या शिक्षणाला प्रवेश देताना काही विद्यापीठं शेवटच्या ६० क्रेडिटचा किंवा विज्ञान विषयांचा जीपीए वेगळा काढतात. रसायनशास्त्र किंवा पॅथोफिजिऑलॉजी पुन्हा करून 'ए' मिळवला, तर तो तिथे मोजला जाऊ शकतो. अर्ज करण्याआधी त्या विद्यापीठाच्या प्रवेश विभागाला हे लेखी विचारून घ्या.