रॉबर्ट पोलार्डचे सोलो अल्बम: काही महिने ऐकल्यावर

गाइडेड बाय व्हॉइसेस हा अमेरिकन रॉक बँड ऐकणाऱ्या बहुतेकांची गाडी 'बी थाउजंड' (१९९४) आणि 'एलियन लेन्स' (१९९५) या दोन अल्बमांवर थांबते. त्यात वावगं काही नाही, ते दोन्ही आहेतच तसे. पण २००४ च्या ३१ डिसेंबरला शिकागोत निरोपाचा शो करून बँडने गाशा गुंडाळला (तो पुन्हा उलगडणार होता, ते सोडा), आणि त्यानंतर बँडचा गायक-गीतकार रॉबर्ट पोलार्डने स्वतःच्या नावावर जे काही काढलं, तिकडे फारसं कोणी फिरकत नाही. कारण उघड आहे. माल फार. २००६ ते २०१६ या काळात पंधराहून जास्त सोलो अल्बम, म्हणजे बहुतेक वर्षी दोन. शिवाय बाजूचे बँड वेगळे. ओहायोतल्या डेटन गावात एकेकाळी चौथीच्या मुलांना शिकवणारा हा माणूस शिक्षकाची नोकरी सोडल्यापासून थांबलेलाच नाही.

गेले काही महिने मी बँड बाजूला ठेवून फक्त ही सोलो गाणी ऐकतोय. 'एक ना धड भाराभर चिंध्या' हा या कामावरचा नेहमीचा आरोप. तो अर्धाच खरा आहे. चाली आटलेल्या नाहीत. कुठलाही अल्बम लावा, दोन-तीन गाणी अशी निघतात की दुसरा एखादा गीतकार त्यांच्यावर अख्खं करिअर काढेल. फरक पडलाय तो वाजवणाऱ्यांत.

या काळातल्या बहुतेक अल्बमांची पद्धत एकच. पोलार्ड गिटार आणि आवाज एवढाच कच्चा डेमो करतो, तो निर्माता आणि वादक टॉड टोबायसकडे जातो. टोबायस गिटार, बेस, ड्रम्स, कीबोर्ड बहुतेक सगळं एकटाच वाजवून गाणं उभं करतो, आणि पोलार्ड येऊन त्यावर गातो. काम झटपट होतं, वर्षाला दोन अल्बम निघण्याचं गुपितही तेच. पण खोलीत 'हे कडवं अजून एकदा घेऊ या' किंवा 'हे गाणं राहू दे' म्हणणारं कोणी नसतं. सलग तीन अल्बम ऐकले की ते जाणवायला लागतं, आणि सगळ्यात आधी ड्रम्समध्ये. ताल चुकत नाही, पण गाण्याला पुढेही ढकलत नाही. जुन्या बँडमध्ये निम्मी मजा त्या धक्काबुक्कीची होती.

तरीही 'फ्रॉम अ कंपाउंड आय' (२००६) ऐकायलाच हवा. २६ गाणी, डबल अल्बम. हाही टोबायसबरोबरचाच, पण इथे दोघांनी घाई केलेली नाही. 'डान्सिंग गर्ल्स अँड डान्सिंग मेन' हे सरळ उड्या मारणारं पॉप गाणं. एका ऐकण्यात तोंडात बसतं. 'लव्ह इज स्ट्राँगर दॅन विचक्राफ्ट' मात्र सावकाश चढत जातं. पोलार्डचा आवाज या गाण्यात पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाचा आहे आणि तो ते लपवत नाही. शब्दांचा अर्थ लावत बसू नका. कोलाज ही त्याची दुसरी कला, कित्येक कव्हरं त्याने स्वतः कापून-चिकटवून केली आहेत, आणि ओळीही तो तशाच जोडतो. एक ओळ कुठल्या तरी विज्ञानकथेतली वाटते, पुढची स्वयंपाकघरातली. चालीवर बसल्या की झालं. हा अल्बम दोन तुकड्यांत ऐकावा. एका बैठकीत सव्विसावं गाणं येईपर्यंत कान बधिर होतात.

त्यानंतरचा 'नॉर्मल हॅपिनेस' सुटसुटीत, गोड, आणि माझ्या मते थोडा जास्तच गोड. २००७ मध्ये एकाच दिवशी दोन अल्बम आले: एक पॉप, एक खडबडीत. दोन्ही मिळून एक चांगला झाला असता, हे मत नवीन नाही, पण मलाही तेच वाटतं. 'एलिफंट जोक्स' (२००९) मध्ये २२ तुकडे आहेत. तो कट्टर भक्तांसाठी. 'मोझेस ऑन अ स्नेल' (२०१०) मात्र हळूहळू भिनला. संथ आहे, जड आहे, पहिल्या दोन वेळा काहीच हाती लागत नाही. आता त्याचं शीर्षकगीत मी पूर्ण आवाजात ऐकतो.

कोणी विचारलं की कुठून सुरू करू, तर माझं उत्तर 'रॉबर्ट पोलार्ड इज ऑफ टू बिझनेस' (२००८). दहाच गाणी, आणि गाण्यांना श्वास घ्यायला जागा आहे. दीड मिनिटात कल्पना टाकून पळ काढायची पोलार्डची जुनी खोड इथे आवरलेली दिसते. 'ग्रॅटिफिकेशन टू काँक्रीट' ऐकून पाहा.

ड्रम्सबद्दल एवढं म्हटलं, तर दुसरी बाजूही सांगतो. एकट्याने सगळं वाजवणं हाच दोष असता, तर 'स्पीक काइंडली ऑफ युअर व्हॉलंटियर फायर डिपार्टमेंट' (१९९९) फसला असता. तोही बँड चालू असताना जोडीने केलेला अल्बम, आणि त्यातली सगळी वाद्यं बँडचा तेव्हाचा गिटारिस्ट डग गिलार्डची. पण गिलार्डची गिटार पोलार्डच्या चालीला उलट उत्तर देते. टोबायस चालीला सजवतो, गिलार्ड तिच्याशी भांडतो. 'पॉप झ्यूस' मध्ये गिटार गप्प राहते असा एक क्षण नाही.

बॉस्टन स्पेसशिप्स हा बाजूचा बँड, त्यात ड्रम्सवर डिसेंबरिस्ट्स या बँडचा जॉन मोएन आणि सोबत ख्रिस स्लुसारेंको. नावापुरता वेगळा, पण गाणी पोलार्डचीच. इथे धक्काबुक्की परत येते. 'लेट इट बिअर्ड' (२०११) या काळातला माझा सगळ्यात जास्त वाजलेला अल्बम. तोही डबल आहे, पण यात मला मध्येच थांबावं लागलं नाही.

शफलवर मात्र हा माणूस लावू नका. दीड-दीड मिनिटांची गाणी एकामागून एक येतात, कुठलं कुठल्या अल्बमचं कळत नाही आणि सगळं एकसारखं वाटायला लागतं. एक अल्बम, आठवडाभर, हा हिशोब मला मानवला.

आणि एक गंमत. २०१६ मध्ये गाइडेड बाय व्हॉइसेसच्या नावाने 'प्लीज बी ऑनेस्ट' आला, तो पोलार्डने एकट्याने वाजवला. त्याच वर्षीच्या 'ऑफ कोर्स यू आर' या सोलो अल्बमवर मात्र वादक आणि निर्माता निक मिचेल सोबत आहे. म्हणजे बँडच्या नावावर एकटा आणि स्वतःच्या नावावर जोडीने. दोन्हींपैकी मी पुन्हा लावतो तो सोलोच.