गोष्टीतून व्याकरण, की व्याकरणाचा तास वेगळा?

जूनमध्ये वेळापत्रक हातात पडलं की आठवी-नववीच्या इंग्रजी शिक्षकापुढे हा पेच येतोच. वर्गात पन्नास-साठ मुलं आणि ठाणे-नवी मुंबईतल्या दोन अधिवेशनांत भरणाऱ्या शाळेत तासिका जेमतेम पस्तीस मिनिटांची. सोमवारी व्याकरण, मंगळवारी शब्द, उरलेले दिवस धडा अशी वाटणी करायची, की एक गोष्ट घेऊन तिच्यातूनच सगळं काढायचं?

आमचं मत आधीच सांगून टाकतो. शब्द गोष्टीतूनच शिकवावेत. व्याकरण मात्र गोष्ट स्वतःहून पुरवील तेवढंच तिच्यातून घ्यावं, बाकीच्यासाठी वेगळा तास लावावा. दोन्ही टोकांचे आग्रह वर्गात फसतात, पण फसण्याची कारणं वेगवेगळी आहेत.

शब्द

शब्दांच्या वेगळ्या तासात काय होतं? फळ्यावर वीस शब्द, समोर मराठी अर्थ, शुक्रवारी चाचणी. ‘रिलक्टंट म्हणजे नाखूश’ हे मुलगी बरोबर लिहिते आणि निबंधात ‘आय वॉज रिलक्टंट विथ माय मार्क्स’ असं वाक्य करते. अर्थ पाठ आहे, पण शब्द कोणाच्या शेजारी बसतो ते तिने पाहिलेलंच नाही. गोष्टीत तोच शब्द ‘शी वॉज रिलक्टंट टू ओपन द डोअर’ असा भेटला की ‘टू’ आणि त्यापुढचं क्रियापद त्याच्यासोबतच लक्षात राहतं.

गोष्टीतून शब्द शिकवायचे तर गोष्ट मात्र बेताची हवी. कोणाच्या मदतीशिवाय समजायची तर शंभरातले साधारण अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे लागतात, असं वाचनाच्या अभ्यासकांनी दाखवलं आहे. वर्गात शिक्षक असतो, त्यामुळे अनोळखी शब्द थोडे जास्त असले तरी चालतं. चाचपणी सोपी आहे: मधला एक शंभर शब्दांचा परिच्छेद पाच मध्यम मुलांना द्या आणि न कळलेल्या शब्दांखाली रेघ मारायला सांगा. सरासरी पाचपर्यंत रेघा असतील तर गोष्ट घ्या, दहाच्या वर गेल्या तर सोडा किंवा सोपी करून घ्या. पाठ्यपुस्तकातला धडा सोडता येत नाही. तिथे त्या रेघांवरूनच आधी कोणते शब्द सांगायचे ते ठरवा.

आधी चार-पाचच शब्द सांगा, तेही ज्यांच्याशिवाय गोष्ट अडते असे. बाकीचे संदर्भावरून ओळखू देत, आणि काही सरळ सोडून द्या. झाडाच्या एखाद्या जातीचं नाव कळलं नाही म्हणून कोणाचं काही बिघडत नाही. वहीत प्रत्येक शब्दाला चार ओळी: शब्द, गोष्टीतलं वाक्य, मराठी अर्थ, स्वतःचं वाक्य. उजळणी दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि तीन आठवड्यांनी, दर वेळी पाच मिनिटं. ही उजळणी वगळली तर गोष्टीतून शिकवूनही शब्द उडून जातात, आणि मग दोष पद्धतीच्या माथी मारला जातो.

व्याकरण

इथे मात्र एकच उत्तर चालत नाही.

गोष्ट भूतकाळात घडते. त्यामुळे साधा भूतकाळ, चालू भूतकाळ, पूर्ण भूतकाळ आणि पात्रांच्या बोलण्यामुळे अप्रत्यक्ष कथन एवढं साहित्य तिच्यात तयारच असतं. आर्टिकल्सही येतात. ‘एक राजा होता. राजाला दोन राण्या होत्या.’ पहिल्या वाक्यात ‘एक’ आहे तिथे ‘अ’, दुसऱ्यात नुसता ‘राजा’ आहे तिथे ‘द’. मराठीत आर्टिकल नाही हे खरं, पण गोष्ट सांगण्याच्या या वळणात त्याची जागा दिसते, आणि मुलांना ती लगेच पटते.

पूर्ण भूतकाळाचं उदाहरण जरा जवळून पाहू. वाक्य असं: ‘व्हेन द ओल्ड मॅन रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट.’ फळ्यावर आडवी रेघ ओढा. ८:१० ला गाडी सुटली, ८:१४ ला म्हातारा फलाटावर आला. आधीच्या खुणेवर ‘हॅड लेफ्ट’, नंतरच्या खुणेवर ‘रीच्ड’. इथवर सगळ्यांना समजतं. खरी गोची पुढे आहे. मराठीत आपण ‘काल मी वाशीला गेलो होतो’ असं सहज म्हणतो, मागेपुढे दुसरी घटना नसली तरी. म्हणून मुलं ‘येस्टरडे आय हॅड गॉन टू वाशी’ लिहितात. इंग्रजीला इथे ‘वेंट’ पुरतं, कारण रेघेवर एकच खूण आहे. ‘दोन खुणा असतील तरच हॅडचा विचार करा’ एवढी सूचना दिली तरी चुका बऱ्याच कमी होतात.

अप्रत्यक्ष कथनाचंही तसंच. ‘ती म्हणाली की मी उद्या येईन’ हे मराठीत अगदी बरोबर आहे. ‘की’ आला तरी ‘मी’ आणि ‘उद्या’ जागचे हलत नाहीत, काळही बदलत नाही. मग ‘शी सेड दॅट आय विल कम टुमॉरो’ असं लिहिलं जाणारच. नियमांचा तक्ता पाठ करून घेण्याआधी दोन वाक्यं एकाखाली एक लिहा आणि काय काय हललं त्यावर गोल करायला सांगा: ‘आय’चा ‘शी’, ‘विल’चा ‘वुड’, ‘टुमॉरो’चा ‘द नेक्स्ट डे’. मराठीत यातलं काहीच हललेलं नाही हे बोलून दाखवा. आम्ही या कामासाठी वर्गात मराठी बेधडक वापरावी असं म्हणतो. गोष्ट ओळीओळीने मराठीत सांगण्यासाठी मात्र नको. तसं केलं की मुलं कान मराठीला देतात आणि डोळे पुस्तकावर नुसते ठेवतात.

आता गोष्ट जे देत नाही ते. इंग्रजीतला कर्मणी प्रयोग, म्हणजे पॅसिव्ह व्हॉइस, गोष्टीत क्वचितच येतो, कारण तिथे कोण काय करतं यालाच महत्त्व असतं. त्यासाठी ठाणे स्टेशनवर जा. ‘पॅसेंजर्स आर रिक्वेस्टेड नॉट टू क्रॉस द ट्रॅक्स.’ विनंती कोण करतंय? रेल्वे, आणि ते सांगायची गरजच नाही. ‘ट्रेसपासर्स विल बी प्रॉसिक्यूटेड’ या पाटीतही तेच. कर्ता का गाळला हे अशा दोन पाट्यांवरून जेवढं कळतं, तेवढं ‘राम एट अ मँगो’ उलटसुलट करून कळत नाही. क्वेश्चन टॅग (वाक्याच्या शेवटी जोडलेला ‘इजन्ट इट?’सारखा प्रश्न) आणि विशेषणांच्या तर-तम रूपांतरांना सरळ वेगळी तासिका द्या. ती एखाद्या परिच्छेदात ओढूनताणून शोधू नका.

गोष्टीतून व्याकरण शिकवताना सर्वात जास्त बिघडतं ते थांबण्यामुळे. दर तिसऱ्या ओळीला ‘हा कोणता काळ?’ विचारलं की गोष्टीचं शवविच्छेदन होतं आणि शेवट काय झाला हे कोणालाच जाणून घ्यायचं उरत नाही. पहिल्या वाचनात व्याकरणासाठी एकदाही थांबू नये.

एक गोष्ट, चार तासिका

पहिल्या तासिकेत चार-पाच शब्द, शिक्षकाचं एक तृतीयांश वाचन आणि ‘पुढे काय होईल?’ हा प्रश्न. दुसरीत उरलेलं मूकवाचन आणि समजेचे प्रश्न. तिसरीत गोष्टीतलीच सहा वाक्यं उचलून एकच व्याकरणाचा मुद्दा: पहिली तीन वाक्यं सगळ्यांनी मिळून, पुढची तीन ज्याची त्याने. ही ‘आधी एकत्र, मग एकट्याने’ पद्धत इंग्रजी अध्यापनाचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांच्या बंगळूर प्रकल्पात (१९७९–८४) पायाभूत होती. तिथे व्याकरणाचा अभ्यासक्रम बाजूला ठेवून मुलांना रेल्वेचं वेळापत्रक, नकाशा अशा कृती सोडवायला दिल्या होत्या. चौथीत लेखन, म्हणजे गोष्ट दुसऱ्या पात्राच्या तोंडून आठ ओळींत. गाईडमध्ये याचं उत्तर सापडत नाही, हा मोठाच फायदा.

लेखन आलं की तपासणी आली. साठ वह्या, प्रत्येकी दोन मिनिटं धरली तरी दोन तास. आठवड्याला पंधराच वह्या पाळीपाळीने नीट तपासा, बाकीच्या मुलांकडून फळ्यावरच्या नमुन्यावरून शेजाऱ्याची वही पाहून घ्या. वेगळ्या व्याकरण-तासात रिकाम्या जागा भरायच्या असतात, त्यामुळे तपासणी दहा मिनिटांत उरकते. दमलेल्या शिक्षकाला ती पद्धत का आवडते, हे समजण्यासारखं आहे.

कोणी काय निवडावं

मराठी माध्यमाच्या आठवी-नववीला गोष्ट केंद्रात ठेवा आणि आठवड्याला एक तासिका वेगळ्या व्याकरणाला द्या. दहावीला दिवाळीपर्यंत हेच चालवा, नंतर व्याकरणाच्या दोन तासिका करा. राज्य मंडळाच्या कृतिपत्रिकेत, म्हणजे प्रश्नपत्रिकेत, दोन्ही लागतं: उताऱ्याखालच्या ए-१ ते ए-५ कृतींत शब्दसंपत्ती ए-३ ला आणि त्याच उताऱ्यावरचं व्याकरण ए-४ ला येतं, शिवाय भाषाभ्यासाचे सुटे प्रश्न वेगळेच. नुसते नियम घोटलेलं मूल ए-४ ला अडखळतं, नुसत्या गोष्टी वाचलेलं सुट्या प्रश्नांना.

इंग्रजी माध्यमाच्या मुलांना गोष्ट समजते, पण बोलण्यातल्या चुका पक्क्या झालेल्या असतात. ‘डिस्कस अबाउट’ आणि ‘आय अॅम हॅविंग टू ब्रदर्स’ गोष्ट वाचून जात नाहीत. तिथे त्यांच्याच वह्यांतली चुकीची वाक्यं नाव न घेता फळ्यावर मांडून दर आठवड्याला वीस मिनिटं दुरुस्ती करावी.

खासगी क्लासवाल्यांकडे आठवड्याला दीड-दीड तासाचे दोन दिवस असतात आणि धडा शाळेत झालेला असतो. त्यांनी पूर्ण गोष्ट पुन्हा घेऊ नये. शाळेतल्या धड्याचा एकच परिच्छेद घ्यावा, त्यावर ए-३ आणि ए-४ धर्तीच्या कृती मुलांकडूनच तयार करून घ्याव्यात आणि अदलाबदल करून सोडवायला द्याव्यात. प्रश्न काढताना ‘इथे हॅड का?’ हे मुलांना स्वतःलाच शोधावं लागतं.