फायरमाउथच्या टॅंकमध्ये १२ विडो टेट्रा, नऊ महिन्यांचा अनुभव

मागच्या दिवाळीत चार फुटी टॅंक लावला, ४ बाय दीड बाय दीड, भरल्यावर अडीचशे लिटरच्या आसपास, आणि त्यात फायरमाउथ या लाल गळ्याच्या सिक्लिड माशाची जोडी सोडली. पुढचा महिनाभर घरी येणारा प्रत्येक जण एकच विचारायचा, मासे कुठेत? आई तर सरळ म्हणाली, "एवढे पैसे घालून पाण्याची पेटी आणलीस होय रे?" तिचंही बरोबर होतं. दोघं दिवसभर फुटक्या माठाच्या खापराखाली, फक्त नाकाडं बाहेर, आणि मी सोफ्यावरून नुसता उठलो तरी वाळू उडवत आत. रात्री लाइट बंद केल्यावर बाहेर यायचे म्हणे, पण अंधारात बघायला मासे कशाला पाळायचे.

मग कुणीतरी सांगितलं, डिदर फिश टाक. यातलं लॉजिक सोपंय. फायरमाउथसारखा सिक्लिड मुळात घाबरट, वरच्या पाण्यात छोटे मासे बिनधास्त फिरताना दिसले की त्याला कळतं की आसपास कुणी खाणारं नाहीये. नांदूरमधमेश्वरला बगळा काठावर उभा असला की त्याच्या पायाजवळची चिल्लीपिल्ली कशी गायब होतात, त्याच्या बरोब्बर उलटं. ही आयडिया हौशी लोकांची नाही बरं का, १९६८ साली जॉर्ज बार्लो नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने हे मांडलं होतं, लॅबमधले मासे घाबरून बसले तर त्यांचं वागणं अभ्यासणार कसं म्हणून.

तर मी पहिला गाढवपणा केला तो म्हणजे निऑन टेट्रा (टेट्रा म्हणजे घोळक्याने फिरणारे छोटे मासे). दुकानवाला भाऊ म्हणाला चालतील, दिसायला भारी, १० घेतले. तीन दिवसांत चार उरले. चार-पाच इंची नराच्या तोंडात सव्वा इंची बारीक निऑन म्हणजे शेवेसारखा जातो हे मला आधी कळायला हवं होतं. आणि जे चार उरले ते कोपऱ्यात झाडामागे चिकटून बसले, ते बघून फायरमाउथ अजूनच आत. म्हणजे डिदरच घाबरला तर परिणाम उलटा होतो, हे आपण लक्षातच घेत नाही, आपण फक्त कुठला टेट्रा सुंदर दिसतो ते बघतो.

मग जरा अभ्यास केला. रमीनोज टेट्रा आवडत होता, पण तोही बारीक, महाग, आणि पाण्याच्या बाबतीत नाजूक, आमच्या इंदिरानगरच्या बिल्डिंगला नळाच्या पाण्यात बोअरचं मिक्स असतं, मीटरवर टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, साडेचारशे. फायरमाउथला त्याचं काही नाही, तो मेक्सिकोच्या युकातानकडचा, तिकडे सगळा चुनखडीचाच प्रदेश, म्हणजे पाणी क्षारवालं, कडकच. ब्यूनस आयर्स टेट्रा दणकट असतो पण झाडं खातो, माझ्या वॅलिसनेरियाचा (पाण्यातलं गवतासारखं झाड) सुपडा साफ झाला असता. सर्पे टेट्रा पंख कुरतडण्यात बदनाम. शेवटी विडो टेट्रा, म्हणजे ब्लॅक स्कर्ट. स्वस्त (मला ३० ला एक पडला), अंग उभट म्हणून तोंडात मावत नाही, आणि आता सगळे फार्मवर वाढवलेले म्हणून आपल्या पाण्यात रुळतात. फक्त गुलाबी-हिरवे रंग भरलेले मिळतात ते प्लीज घेऊ नका, साधे काळे-चंदेरी घ्या.

डिसेंबरात सहा आणले. आणि इथे दुसरा गाढवपणा, वेगळ्या टबात न ठेवता डायरेक्ट सोडले, पाचव्या दिवशी सगळ्यांच्या अंगावर मिठाचे दाणे टाकल्यासारखा व्हाइट स्पॉटचा रोग. त्यात आपल्या नाशिकची थंडी, हॉलमध्ये पहाटे १४ डिग्री आणि एकदा रात्री तीन तास लाइट गेलेली. हीटर वाढवून औषध टाकून निभावलं, मासा एकही गेला नाही, पण ते दोन आठवडे डोक्याला ताप होता.

ते बरं होतंय तोवर नराच्या वरच्या पंखाची मागची लांब टोकं कुरतडलेली दिसायला लागली. विडोंचंच काम. मला वाटलं गेले हे पण पैसे, पण कमी संख्या असली की ते असं करतात असं वाचलं होतं म्हणून घाबरत घाबरत अजून सहा आणले (या वेळी तीन आठवडे टबात!). १२ झाल्यावर त्यांची आपापसातच दादागिरी सुरू झाली, एकमेकांभोवती गोल गोल फिरतात, नराला विसरले. पंख महिनाभरात भरून आला. त्यामुळे सहा घेऊन बघू असं करू नका, जागा असेल तर एकदम १०-१२ घ्या.

आता मुख्य गोष्ट. नवीन सहा सोडल्यावर साधारण दहा-अकरा दिवसांनी, रविवारी सकाळी पोहे खात बसलो होतो आणि नर खापरातून निघून विडोंच्या खालून हळूहळू पुढच्या काचेपर्यंत आला, मी प्लेट हातात धरून तसाच. एक विडो खाली उतरला तसा याने गळा फुगवला. लालभडक, आणि कल्ल्यांवरचे ते दोन काळे ठिपके समोरून बघितलं तर चक्क डोळे वाटतात, एवढुसा मासा एकदम मोठ्या तोंडाचा दिसतो. विडो निवांत वळून वर गेला. सगळा नुसता आव आहे हे त्यालाही कळलं असावं. त्या दिवसानंतर दोघं दिवसभर बाहेर, वाळू चाळत, आणि आधी नर मादीच्या मागे लागायचा ते पण कमी झालं कारण आता हाकलायला दुसरं कुणीतरी आहे.

तोटा पण सांगतो, आणि तो मोठा आहे. मार्चमध्ये कडप्पाच्या तुकड्यावर अंडी दिली, पिल्लं पोहायला लागली, आईबाप दिवसभर जिवाच्या आकांताने विडोंना दूर ठेवायचे, पण रात्री लाइट बंद केल्यावर कोण कुठे काय टिपतं कळत नाही, आठवड्याभरात एकही पिल्लू उरलं नाही. दुसऱ्या वेळी निम्मी पिल्लं पाइपने ओढून टबात घेतली. पिल्लंच हवी असतील तर विडो त्रासच देणार.

दुसरं म्हणजे खादाडपणा. वरून टाकलेलं खाणं खाली पोचूच देत नाहीत. मी आता एका टोकाला फ्लेक्स टाकतो, सगळे तिकडे धावले की दुसऱ्या टोकाला खापराजवळ बुडणाऱ्या पेलेट्स. मे महिन्यात पाणी ३१ ला गेलं म्हणून झाकण अर्धं उघडं ठेवून फॅन लावला तर एकाने उडी मारली, संध्याकाळी सोफ्यामागे वाळलेला सापडला. आता ११ आहेत. झाकणाला जाळी लावलीय.

एक फायदा मात्र अपेक्षित नव्हता. विडो घाबरला की त्याचा काळा रंग फिका पडतो. जुलैत गढूळ पाणी येत होतं आणि मी घाईत निम्मं पाणी बदललं, अँटीक्लोरीन कमी पडलं असणार, तर दहा मिनिटांत सगळे राखाडी. फायरमाउथवर तेव्हा काहीच दिसत नव्हतं. लगेच डोस टाकला, एअर पंप फुल केला, संध्याकाळपर्यंत परत काळे. तसे वयानेही ते राखाडी होत जातात, पण ते हळूहळू, एकदम झाले तर पाणी बघा.

ऑस्कर हा मोठा सिक्लिड पाळणाऱ्यांनी हे वाचून विडो आणू नयेत, नाश्ता होईल. आणि जे म्हणतील की विडो पार पराग्वेकडचा आणि फायरमाउथ मेक्सिकोचा, एकत्र कसे, त्यांचं खरंय. फायरमाउथच्या गावचा मासा हवा तर आपल्याकडे कुठेही मिळणारा सोर्डटेल आहे, तोही त्याच भागातला आणि कडक पाण्यात खूश. टबातली ३५-४० पिल्लं आता इंचभर झालीत, त्यांच्यासाठी तीन फुटी टॅंक घेतोय, त्यात सोर्डटेलच टाकून बघणार. आईला अजून सांगितलेलं नाही.