वॉटर प्युरिफायर : अकरा महिन्यांचा वापर आणि बिलावरची एक ओळ

धायरीतील आमच्या सोसायटीत उन्हाळाभर टँकरचे आणि बोअरचे पाणी मिसळून येते, म्हणून गेल्या वर्षी आरओचा प्युरिफायर घेतला. पाण्याची चव उत्तम आहे; वाया जाणारे पाणी मात्र बरेच निघते, ते आम्ही फरशी पुसायला वापरतो. यंत्राबद्दल एवढेच, कारण सांगण्याजोगा अनुभव ते विकताना दिलेल्या शब्दाचा आहे.

घरी बोअरचे पाणी येते हे सांगितल्यावरही दुकानातील विक्री प्रतिनिधीने दोन वर्षे मेम्ब्रेन (यंत्रातील पाणी गाळणारा पडदा) मोफत बदलून देण्याचे कबूल केले आणि माझ्या आग्रहावरून बिलावर तसे लिहून शिक्का मारला. आठव्या महिन्यात मेम्ब्रेन क्षारांनी चोंदला, तेव्हा व्यवस्थापकांनी सांगितले की छापील वॉरंटीत मेम्ब्रेन येत नाही, असे लिहून देण्याचा त्या मुलाला अधिकार नव्हता आणि तो आता नोकरीतही नाही.

एवढ्यावर पुष्कळ लोक पैसे भरून मोकळे होतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. भारतीय करार कायदा, १८७२ याच्या कलम २३७ नुसार, ती गोष्ट प्रतिनिधीच्या अधिकारातलीच आहे असा समज मालकाने स्वतःच्या शब्दांनी किंवा वागण्याने करून दिला असेल, तर प्रतिनिधीने अधिकार नसताना दिलेले वचनही मालकावर बंधनकारक ठरते. इथे दुकानानेच त्याला काउंटरवर बसवून बिलबुक आणि शिक्का त्याच्या हाती दिला होता, आणि त्याच्या अधिकाराला काही मर्यादा आहेत हे मला कोणी कळवले नव्हते. केवळ ‘मला अधिकार आहे’ असे नोकराने स्वतःच सांगणे मात्र पुरेसे नसते. समज मालकाच्या वागण्यातून झालेला असावा लागतो. श्यामादेवी खटल्यात, ओळखीतल्या बँक कर्मचाऱ्याकडे स्नेहापोटी खात्यात भरण्यासाठी सोपवलेल्या आणि त्याने हडप केलेल्या पैशांबाबत बँक जबाबदार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये ठरवले, कारण ते काम त्याने नोकरीच्या ओघात केलेले नव्हते.

मी बिलाची प्रत जोडून रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवले आणि दाद न मिळाल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन असे त्यात स्पष्ट लिहिले. तक्रारीसाठी दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीला शुल्क पडत नाही. बाराव्या दिवशी दुकानाने मेम्ब्रेन विनामूल्य बदलून दिला. मोफत बदलाच्या उरलेल्या मुदतीचा उल्लेख या वेळी मी व्यवस्थापकांच्याच सहीने सर्व्हिस कार्डावर करून घेतला आहे.