सहा महिन्यांचं महिला आरोग्य पॅकेज : डॉक्टर चांगल्या, पण वाटीने घात केला

परवा तिसरी वाटी तडकली. गरम वरण ओतलं, टक्क आवाज झाला आणि ओट्यावर पिवळा ओघळ. पहिल्या दोन आधीच गेल्या होत्या. म्हणून हे एवढं लिहायला बसले, नाहीतर चार ओळींत आटोपलं असतं.

पॅकेज काय असतं ते नव्याने सांगत नाही, नागपुरात आता गल्लोगल्ली झालेत. स्त्रीरोगतज्ज्ञ, फिजिशियन, आहारतज्ज्ञ अशा तिघीजणी, दर शनिवारी संध्याकाळी ऑनलाइन सेशन, पंधरा दिवसांनी वजन, मोबाइलवर चार्ट. माझ्या क्लिनिकचं नाव लिहीत नाही, कारण डॉक्टरांशी माझं भांडण नाही. सहा महिन्यांचे ७,५०० रुपये भरले, आता सातवा महिना चालू आहे. वय ४६, शाळेच्या ऑफिसात बैठी नोकरी, थायरॉइडची गोळी चार वर्षांपासून. सुरुवातीचं वजन ७८.४ किलो.

पैसे भरल्यावर एक पिशवी मिळाली. त्यात कमर मोजायची टेप, पाण्याची बाटली आणि मापाच्या तीन वाट्या. पारदर्शक प्लास्टिक, बाहेरून निळी रेघ. रेघेपर्यंत भरली की एक वाटी. कल्पना मला फार आवडली. घरी आल्या आल्या जाऊबाईंना फोटोसुद्धा पाठवला.

आमच्या भांडीवाल्या मावशी तारेच्या घासणीशिवाय कशाला हात लावत नाहीत. तीन आठवड्यांत तिन्ही वाट्यांवरची रेघ पुसली गेली. रेघ गेल्यावर उरलं काय? नुसतं प्लास्टिक. मग मी आपली घरातली स्टीलची वाटी घेतली, सासूबाईंच्या लग्नातली, नाव आणि १९७१ साल कोरलेली. चार्टवर लिहिलं होतं 'भात १ वाटी, वरण १ वाटी, भाजी १ वाटी'. मी इमानदारीने एकेक वाटीच जेवत होते. सासूबाई बघून म्हणायच्या, "काय वं, जेवून राहिली का औषध घेऊन राहिली?"

दोन महिने झाले, वजन ७७.९. अर्धा किलो! संध्याकाळचे तर्री पोहे सोडले, संत्रा बर्फीचा डबा समोरून जाऊ दिला, आणि अर्धा किलो.

फोन केला. रिसेप्शनवरची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, एक वाटी म्हणजे आपली नॉर्मल वाटी." मी विचारलं, "कोणाची नॉर्मल?" ती म्हणाली, "घरची." घरची! आमच्याच घरात चार आकाराच्या वाट्या आहेत. आमटीची वेगळी, खिरीची वेगळी, चटणीची वेगळी, आणि ही १९७१ची. नवीन सेट मागितला तर उत्तर आलं, "वाटी कॉम्प्लिमेंटरी आहे, तिला वॉरंटी नसते." विकत हवा असेल तर ३५० रुपये, कुरिअरचे ६० वेगळे. तीन प्लास्टिकच्या वाट्यांचे ४१० रुपये!

कुरिअरचे ६० वाचवायला दुसऱ्या दिवशी स्वतः गेले. अजनी चौकातून मेट्रो, सीताबर्डीला बदलून. सेट काही घेतला नाही, पण आहारतज्ज्ञ मॅडम भेटल्या. त्यांनी सांगितलं की वाटी म्हणजे १५० मिली. हे चार्टवर का लिहीत नाही म्हटलं, तर म्हणाल्या, पिशवीत वाटी देतोच ना! घरी येऊन खोकल्याच्या औषधाच्या १० मिलीच्या टोपणाने सासूबाईंची वाटी भरत बसले. बावीस टोपणं बसली. २२० मिली.

मग स्वयंपाकघरातला काटा काढला. १५० मिलीच्या मापात आमचा मोकळा भात भरला ११२ ग्रॅम, आमच्या वाटीत १६८. शिजलेल्या भाताच्या १०० ग्रॅमला साधारण १३० कॅलरी धरा, म्हणजे एका वाटीमागे सत्तरवर कॅलरी जास्त, दोन वेळच्या जवळपास दीडशे. वरणाचं आणि उसळीचं त्याच प्रमाणात. दोन महिने मी नियमाने दीडपट जेवत होते आणि वर चार्टचं पालन केल्याचं समाधान मिळवत होते.

चमच्याचंही तेच. चार्टवरचा चमचा ५ मिलीचा, आमचा पोह्याचा चमचा त्याच्या दुप्पट. पण तेलाचा हिशोब मी वेगळ्या पद्धतीने लावला. सेशनमध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४च्या मार्गदर्शक सूचना दाखवल्या होत्या, त्यातल्या २,००० कॅलरीच्या ताटात दिवसाला २७ ग्रॅम तेल-तूप आहे. आम्ही चौघं, म्हणजे रोजचे १०८ ग्रॅम. पाच लिटरच्या डब्यात साडेचार किलोच्या आसपास तेल असतं, तो बेचाळीस दिवस पुरायला हवा. आमच्याकडे अठ्ठावीस दिवसांत तळ दिसायचा. आता डब्यावर उघडल्याची तारीख लिहिते. मागचा डबा चाळीस दिवस गेला. चमचे मोजण्यापेक्षा हे सोपं, आणि किराण्याचं बिल उतरलं ते आमच्या ह्यांच्याही लक्षात आलं. सावजी महिन्यातून एकदा ठेवलंय, त्या दिवशी डब्याकडे बघत नाही.

इथपर्यंत रविवारी लिहिलं होतं आणि दोन स्टार द्यायचं ठरवलं होतं. ४ मेला सहा महिन्यांनंतरच्या तपासण्यांचे रिपोर्ट आले, त्यामुळे पुढचा सूर जरा वेगळा आहे.

पहिल्या भेटीत फिजिशियन मॅडमनी वजनाआधी विचारलं होतं, "थायरॉइडची गोळी कशासोबत घेता?" चार वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. मी सकाळी चहासोबत घ्यायचे आणि त्याच घोटात कॅल्शियमचीही. एकदाच पाणी प्यायचं, एकदाच काम उरकायचं. त्यांनी सांगितलं, ही गोळी उपाशीपोटी नुसत्या पाण्यासोबत, चहा-नाश्ता अर्ध्या ते एक तासाने, आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चार तासांच्या अंतराने, कारण ती पोटात थायरॉइडच्या औषधाला धरून ठेवते आणि औषध नीट शोषलंच जात नाही. डोस तोच ठेवला, फक्त वेळ बदलली. टीएसएच, म्हणजे थायरॉइडच्या रक्ततपासणीतला आकडा, गोळी नीट लागू पडली की उतरतो. तो ७.८ होता, आता ३.६ आहे.

दुसरं हिमोग्लोबिन. ९.४ होतं. बायकांचं १२च्या खाली गेलं की तो रक्तक्षय, आणि २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायका त्यात बसल्या. म्हणजे मी काही जगावेगळी नव्हते, पण मला वाटत होतं दम लागतो तो वजनामुळे. स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमनी पाळीचं विचारलं. मी म्हटलं, चाळिशीनंतर जास्त जातंच की सगळ्यांना. त्यांनी पेन खाली ठेवला. "रक्त जाऊन राहिलं आणि तुम्ही वजन घेऊन आल्या का जी?" सोनोग्राफीत लहानशी गाठ निघाली, काळजीची नाही, औषध चालू आहे. पुढच्या एका शनिवारी त्यांनी डॉ. राणी बंग यांच्या गडचिरोलीतल्या दोन गावांच्या पाहणीबद्दल सांगितलं. १९८९ मध्ये ती 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. तपासलेल्या बायकांपैकी ९२ टक्क्यांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता, आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. मी शहरात राहते, मेट्रोने फिरते, आणि माझी कथा त्या गावांपेक्षा फार वेगळी नव्हती.

लोहासाठी गोळी होतीच, पण जेवणाचंही बघितलं. जेवणावरचा चहा बंद, तो आता तासाभराने, कारण चहाने अन्नातलं लोह कमी शोषलं जातं. वरणावर लिंबू रोज. आणि या चार्टचं खरं कौतुक म्हणजे त्यात परदेशी पाल्याची नावं नव्हती. अंबाडी, चिवळ, जवसाची चटणी, ज्वारीची भाकरी. अंबाडीची भाजी मी आता लोखंडी कढईत करते. आंबट असल्यामुळे कढईतलं लोह भाजीत उतरतं. रंग काळपट होतो, मुलगी नाक मुरडते, सासूबाई मात्र म्हणाल्या, आमच्या वेळी असाच असायचा. हिमोग्लोबिन ११.८ झालं. बाराला अजून पॉइंट दोन कमी.

वाटीचं माप नीट धरल्यापासून वजन हललं. आज ७४.२. कमर ९६ सेंटिमीटरची ८९ झाली. आपल्याकडच्या बायकांना ८०च्या आत ठेवायला सांगतात, म्हणजे बरीच मजल बाकी आहे. खर्चाचा भागाकार केला तर किलोमागे जवळपास १,७८६ रुपये पडले. काजू स्वस्त पडले असते, असं आमचे हे म्हणाले. त्यांना टीएसएचचा रिपोर्ट दाखवला, मग गप्प.

क्लिनिकमधल्या शरीरातली चरबी सांगणाऱ्या मशीनबद्दल एवढंच, की तिच्यावर फार विश्वास ठेवू नका. पायातून बारीक करंट सोडून ती अंदाज बांधते, आणि अंगात पाणी कमी-जास्त असलं की आकडा हलतो. आपल्या नागपुरी उन्हात चालत जाऊन तिच्यावर उभं राहिलं तर ती काहीही सांगेल. मला तिने शरीराचं वय ५८ सांगितलं. सासूबाई खूश झाल्या.

आधी मी डॉ. श्रीकांत जिचकारांनी मांडलेलं आणि डॉ. दीक्षितांनी घरोघरी पोचवलेलं दिवसातून दोनदाच, दर वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवायचं, हेही करून बघितलं होतं. ज्यांना जमतं त्यांना जमतं. मला दुपारचा चहा सुटला नाही, दोष माझा. त्यात एक सुख होतं, वाटी मोजावी लागत नव्हती.

तर दोनाचे साडेतीन स्टार. डॉक्टरांना पाच, वाटीला शून्य, आणि ही सरासरी मी माझ्या मनाने काढली आहे. रिन्यूअलचा फोन आला होता, ५,५०० सांगितले. मी म्हटलं, चार्टवर 'वाटी = १५० मिली' एवढं छापून दाखवा, मग भरते. "सरांना विचारून कळवते," म्हणाली. तीन आठवडे झाले.

तोवर मी इतवारीत जाऊन स्टीलच्या चार वाट्या घेतल्या, वजनावर, चारींचे १४० रुपये. तुम्ही गेलात तर घरून छोट्या बाटलीत मोजून १५० मिली पाणी घेऊन जा आणि दुकानातच ओतून बघा. पाणी काठाला लागलं पाहिजे, खाली राहिलं तर वाटी मोठी. माझ्यावर दुकानदार हसला, मग त्याने आतून बायकोला बोलावलं आणि तिनेही एक मापून बाजूला ठेवून घेतली.